मुंगीने मंजूर केलेली ओळ

फुकटात कोणी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करत नाही, असं वहिनींचं ठाम मत होतं. आणि इथे तर इंटरनेटवर ‘मुंगी’ हे टोपणनाव लावणारी कोण कुठली एक व्यक्ती महिनोन्‌महिने फुकटात डॉक्युमेंटेशन सुधारत बसली होती. डॉक्युमेंटेशन म्हणजे एखादं सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणारी पानं. प्रोग्राम लिहायला माणसं रांग लावतात, पण ती पानं लिहायची म्हटलं की एकेकाला घरची कामं आठवतात. असं काम कोणी आपणहून, वर हसतमुखाने, अंगावर घेतलं तर त्या माणसाला एक तर वेड लागलेलं असतं, नाहीतर त्याला दुसरंच काहीतरी हवं असतं. मुंगी वेड्यासारखं लिहीत नव्हती. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

सॉफ्टवेअरचं नाव पारख. ते वहिनींच्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, बनवलेलं. पारखचं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रामची परीक्षा घेण्याचं. फाइलीत वर गृहीतकं लिहायची, म्हणजे कोणत्या गोष्टी खऱ्या धरून चालायचं ते. खाली दावा लिहायचा, की अमुक एक वाईट गोष्ट कधीच होणार नाही. मग पारख त्या गृहीतकांत बसणारी एकूण एक परिस्थिती धुंडाळते. कुठे दावा मोडला तर लाल अक्षरांत ती परिस्थिती समोर ठेवते. कुठेच मोडला नाही तर हिरव्या अक्षरांत लिहिते, ‘सिद्ध’. सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोणीही घ्यावं, उघडून पाहावं, बदल सुचवावा. मात्र पारखची नवी आवृत्ती बाहेर काढायची तर दोन किल्ल्या लागत. किल्ली म्हणजे संगणकातली गुप्त सही. एक भाऊजींकडे, एक वहिनींकडे. सगळं एकाच्या हातात नको, हा भाऊजींचाच नियम. दीर वहिनी म्हणतो म्हणून पारखवाले झाडून सगळे त्यांना वहिनीच म्हणत, वयाने मोठे असले तरी.

आता भाऊजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर बरेच महिने त्यांना पडद्याकडे बघायची बंदी होती. किल्ली कोणाकडे तरी द्यायला हवी होती.

“मुंगीला देतो,” भाऊजी म्हणाले. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची कामाची खोली होती. खालचं मशीन सुरू झालं की त्यांचं टेबल हलकंसं थरथरे.

“तिला पाहिलीय कधी?”

“तिची पानं पाहिलीत की. पहिला धडा आपण लिहिला होता तो आपल्यालाच कळत होता. तिने लिहिलेला कोणालाही कळतो.”

“अक्षर छान म्हणून कोणी घराची किल्ली देतं का, भाऊजी?”

डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन जाऊबाई आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्यावरही तुमचा वर्षभर डोळा होता. सापडलं काही?”

“तपास चालू आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि तिघंही हसली. पण वहिनींचं हसू ओठांपलीकडे गेलं नाही.

त्यांना हसण्यावारी नेण्यासारखं ते वाटत नव्हतं. दिवसभर त्या एका बँकेसाठी सॉफ्टवेअर तपासत. दुसऱ्याच्या कामातली चूक काढणं हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा होता आणि धंद्याची सवय घरी येताना दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. त्यात अशाच एका दुसऱ्या ओपन सोर्स घरात काय झालं ते त्यांनी ऐकलं होतं. असाच एक गोड बोलणारा मदतनीस आला, वर्षं दोन वर्षं राबला, थकलेल्या मालकाने विश्वासाने किल्ली दिली, आणि त्याने आत चोरदार बसवलं. पारखवर तर रुग्णालयाची यंत्रं बनवणाऱ्यांपासून सिग्नल बनवणाऱ्यांपर्यंत सगळे विसंबून. पारख खोटं बोलायला लागली तर खालचं सगळं खोटं. भाऊजींनी तारुण्य घातलं होतं त्यात, आणि वहिनींनी आपल्या सगळ्या सुट्ट्या.

म्हणून त्यांनी मुंगीवर पाळत ठेवली. मुंगीने एखादा स्वल्पविराम हलवला तरी तो का हलवला याचा विचार करत त्या जेवत. तिने एका पानावरची चित्रं बदलली तेव्हा वहिनींनी ती मोठी करून कानाकोपरा पाहिला. काही सापडलं नाही, आणि काही सापडत नाही म्हणजे माणूस किती तयारीचा असेल, असं त्यांना वाटलं.

शिवाय मुंगीचे प्रश्न. ‘पारख कोण कोण वापरतं ते सांगाल का? पान वाचताना माणूस कुठे अडतो ते मला पाहायचं आहे.’ म्हणजे गिऱ्हाइकांची यादी हवी. आणि एकदा तर तिने सरळ विचारलं होतं, ‘तुम्हा दोघांना माहीत आहे पण कुठेच लिहिलेलं नाही, असं काही आहे का?’ चोर घराला मागचं दार आहे का विचारतो ते असंच, वहिनींनी मनाशी म्हटलं, आणि उत्तर पाठवलं, ‘नाही. सगळं लिहिलेलं आहे.’

ते खरं नव्हतं. एक गोष्ट होती. वरची गृहीतकंच एकमेकांशी भांडत असली, म्हणजे दोन्ही एकदम खरी असूच शकत नसली, तर पारख काहीही सिद्ध करते. तिला तपासायला एकही परिस्थिती उरत नाही, मग दावा मोडणार कुठे? रिकाम्या वर्गाची हजेरी घेतली की एकही मुलगा खोडकर निघत नाही, तसंच. हे भाऊजींना माहीत होतं, वहिनींना माहीत होतं. ‘हे काय लिहायचं, कोणालाही कळतं,’ असं म्हणून दोघांनी कधीच लिहिलं नव्हतं.

आणि याच गोष्टीचा सापळा लावायचं वहिनींच्या डोक्यात आलं.

भाऊजी ऑपरेशनसाठी दाखल झाले त्या सकाळी वहिनींनी ‘होतकरू’ या नावाने नवं खातं उघडलं आणि पहिल्या धड्यात एक बदल सुचवला. धड्यातल्या नमुन्याच्या फाइलीत गृहीतक होतं, ‘घड्याळ शून्यापासून सुरू होतं.’ होतकरूने त्याखाली अजून एक ओळ घातली, ‘घड्याळातली वेळ नेहमी शून्याहून मोठी असते.’ वाचताना दोन्ही ओळी साध्या, सरळ. पण अगदी पहिल्या क्षणी वेळ शून्यही हवी आणि शून्याहून मोठीही हवी, आणि असा क्षण कुठल्याच घड्याळात येत नाही. सोबत होतकरूने लिहिलं, ‘मी नवीन आहे. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.’ हे लिहिताना वहिनींना जरा मजाच वाटली, हे सांगितलंच पाहिजे.

हिशोब सोपा होता. मुंगी प्रामाणिक आणि हुशार असेल तर ओळ पकडेल. पारख पोखरायलाच आली असेल तर आयतं भोक मिळालं म्हणून खुशीत मंजूर करेल. पानांचे बदल मंजूर करायचा अधिकार भाऊजींनी तिला आधीच दिला होता, आणि मंजूर झालेलं पान तेव्हाच सगळ्यांना दिसू लागे.

मुंगीने ओळ मंजूर केली. वर लिहिलं, ‘स्वागत आहे. पहिलाच बदल आणि इतका नेटका. धडा चालवून पाहिला, सिद्ध आलं.’

“सापडली,” वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

नवरा जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शाळेतल्या मुलांची चित्रं तपासत होता. त्याने मान वर केली. वहिनींनी सगळं सांगितलं.

“आणि ती ओळ अजून तिथेच आहे?”

“पुरावा आहे तो. भाऊजींची पट्टी निघाली की दाखवणार.”

“तोवर कोणी ते पान वाचलं तर?”

“डॉक्युमेंटेशन कोण वाचतं?” वहिनी म्हणाल्या.

नवऱ्याने पुढचं चित्र उचललं. चिडली की तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

ते दिवस वहिनींनी मोठ्या उत्साहात काढले. मुंगीचे जुने बदल पुन्हा उघडले, आणि आता प्रत्येकात काळंबेरं दिसू लागलं. भाऊजींच्या प्रकृतीची चौकशी मुंगीने दोनदा केली होती. घरचा माणूस किती दिवस आडवा आहे ते बघत असणार. ‘काही मदत हवी तर सांगा,’ असं लिहिलं होतं. हो, किल्ली हवी म्हणून सरळ लिही ना. एकदा संशयाचा चष्मा चढला की त्यातून दुसरं काही दिसतच नाही, पण चष्मा आपल्या नाकावर आहे हे चढवणाऱ्याला कोण सांगणार?

मग पारखच्या जाहीर चर्चेच्या पानावर एक निरोप आला.

रुग्णाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणारं यंत्र बनवणारी एक कंपनी होती. तिच्या इंजिनिअरने लिहिलं होतं, ‘आमचा प्रोग्राम पारखमध्ये सारखा नापास होत होता. काल पहिला धडा नव्याने वाचला. त्यातली गृहीतकं जशीच्या तशी आमच्या फाइलीत वर घेतली आणि पहिल्या फटक्यात सिद्ध आलं. सोमवारी पहिली यंत्रं रुग्णालयात जातील. मुंगीचे मनापासून आभार. इतकं सोपं डॉक्युमेंटेशन कुठेच वाचलं नव्हतं.’

पारखच्या पानांबद्दल आजवर कोणी आभार मानलेले वहिनींना आठवत नव्हते. पहिल्यांदा मानले ते या ओळीसाठी. ही कंपनी त्यांना आठवत होती. ‘लाल येतंय, का येतंय कळत नाही,’ असं तिच्या इंजिनिअरने पूर्वी विचारलं होतं, आणि पारख काय दाखवत होती तेही त्यांनी पाहिलं होतं. रिमोट मध्येच बंद पडला की यंत्राचा हात सुटून खाली येत होता. माणसासकट. पारख बरोबर ओरडत होती, आणि वहिनींनी तिच्या तोंडात बोळा घातला होता.

ओळ त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकली. पण कंपनीच्या फाइलीत गेलेली ओळ इथून थोडीच निघणार होती? त्यांनी नंबर शोधून फोन लावला. फोनवर तो इंजिनिअरच आला.

“मी पारखच्या टीममधून बोलतेय. तुमचं ते सिद्ध खरं नाही. यंत्रं पाठवू नका.”

“आपण कोण?”

“मला सगळे वहिनी म्हणतात.”

“कोणाची वहिनी?”

वहिनींनी समजावायचा प्रयत्न केला. गृहीतकं, घड्याळ, शून्य. जितकं सांगावं तितका पलीकडचा आवाज थंड होत गेला.

“हे बघा बाई,” तो म्हणाला, “तुमच्याच अवजाराने सिद्ध म्हटलंय. तुमच्याच पानात ती ओळ होती, मी स्वतः वाचलीय. आता पाहतोय तर ती गायब आहे. आणि तुम्ही फोन करून सांगताय सिद्ध मानू नका. आमची यंत्रं अडवायला असे फोन याआधीही आलेत. तुमचा यात काय फायदा आहे?”

“काहीच नाही.”

“मग तर बोलायलाच नको. मुंगीने सांगितलं तर थांबेन. पहिल्यापासून मला तिनेच मदत केलीय.” फोन बंद झाला.

भाऊजींचा फोन आता जाऊबाईंकडे होता. त्यात मुंगीचा नंबर कधीचाच होता. वहिनींनी कधी मागितला नव्हता, कारण फोनवर बोललं की माणूस आवडायला लागतो आणि तपास बिघडतो. आता त्यांनी तो मागून घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून फोन लावला.

बाईचा आवाज होता, सर्दीने बसलेला. वहिनी आहेत म्हटल्यावर तो एकदम उजळला. “तुम्ही? आज कसा काय फोन? भाऊजी बरे आहेत ना?” मग तिने आपलं सांगितलं. ती वॉशिंग मशीनच्या खोक्यात येणारी माहितीपुस्तिका लिहायची. “लोक ती न उघडताच टाकून देतात, वहिनी. पारखची पानं लोक खरोखर वाचतात. मला त्याचीच गंमत वाटते.”

वहिनींना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. त्यांनी घाईघाईने कंपनीचं सांगितलं, ओळीचं सांगितलं. पलीकडचा आवाज बारीक झाला.

“म्हणजे सिद्ध असंही येतं?”

“येतं.”

“मला माहीत नव्हतं. मी धडा चालवला, हिरवं आलं, म्हणून घेतलं. माझीच चूक. त्या यंत्रात माणसं बसणार होती, वहिनी. अगदी उठता न येणारी माणसं. तो होतकरू कोण आहे ते शोधायला हवं. त्याने मुद्दाम केलं असेल का हो?”

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. होतकरूचा माग कोणालाही लागला नसता. मुंगीने चूक स्वतःच्या डोक्यावर घेतलीच होती, आणि भाऊजींनाही पटलं असतं की असल्या माणसाला किल्ली नको. वहिनींना जे हवं होतं ते सगळं एक शब्द न बोलता मिळत होतं.

“होतकरू मीच,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही?”

“तुम्हाला तपासायला.”

मुंगीने विचारलं, “तुम्हाला माहीत असूनही कुठे लिहिलेलं नाही असं काही आहे का, म्हणून मी विचारलं होतं. ते हेच होतं ना?”

“हो.”

“बरं. आधी कंपनीला फोन करते,” मुंगी म्हणाली, आणि तिने ठेवला.

तिच्या एका फोनवर यंत्रं थांबली. ओळ काढून इंजिनिअरने प्रोग्राम पुन्हा चालवला. पुन्हा लाल आलं, आणि या वेळी तो लाल का येतंय ते शोधायला बसला.

भाऊजींना सगळं वहिनींनीच सांगितलं, डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसासमोर बसून. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चेष्टा केली नाही, आणि ते जास्त लागलं.

“वहिनी,” शेवटी भाऊजी म्हणाले, “तुम्ही पहिल्यांदा मदत करायला आलात तेव्हा का आलात, असं मी विचारलं नव्हतं.”

“तेव्हा मी घरची होते.”

“घरच्या होतात म्हणून नाही विचारलं, असं नाही. मला सुचलंच नाही.”

किल्ली मुंगीकडे गेली. वहिनींनी आपलीही देऊ केली. मुंगीने कळवलं, ‘नको. दोन किल्ल्या दोन वेगळ्या हातांतच असाव्यात.’ एवढंच. त्यात राग नव्हता, खाली नेहमीसारखी शुभेच्छाही नव्हती.

त्याच आठवड्यात मुंगीने पानांत एक नवा भाग घातला, ‘सिद्ध आल्यावर काय कराल?’ त्यात लिहिलं होतं, खाली मुद्दाम एक धादांत खोटा दावा लिहून बघा. तोही सिद्ध झाला तर समजा, वरची गृहीतकं आपापसात भांडताहेत, आणि कुठल्याच हिरव्याला हुरळून जाऊ नका. उदाहरण म्हणून घड्याळाच्या त्याच दोन ओळी घेतल्या होत्या. त्या कोणी घातल्या होत्या याचा उल्लेख नव्हता. पारखवर इतकं उपयोगी पान दुसरं नव्हतं. वहिनींनी ते वाचलं, त्यांना अभिमान वाटला, आणि लगेच शरम वाटली की अभिमान वाटायचा आपल्याला हक्क काय.

पुढे दोघींचं काम नीट चाललं. नवी आवृत्ती निघायची झाली की वहिनी आपली सही करत आणि मुंगी आपली. फक्त मुंगीची सही आता उशिरा येई. वहिनींचा प्रत्येक बदल ती ओळ न्‌ ओळ चालवून बघे, प्रश्न विचारी, उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा विचारी. वहिनी मुकाट्याने उत्तरं देत. त्यांना ते योग्यच वाटे.

मग कोणा नव्याने पानांत एक बदल सुचवला. तिसऱ्या धड्यातला एक दुवा, म्हणजे लिंक, उघडत नव्हता, तो त्याने दुरुस्त केला होता. एवढंच. बदल तसाच पडून राहिला. वहिनींनी स्वतः दुवा उघडून पाहिला. तो बरोबर होता. काही दिवसांनी त्यांनी मुंगीला फोन केला.

“घेऊन टाका की तो. साधा दुवा आहे.”

“तो माणूस कोण आहे, माहीत आहे तुम्हाला?”

“असेल कोणीतरी शिकणारा.”

“असेल,” मुंगी म्हणाली. सर्दी कधीच गेली होती, तरी आवाज बसलेलाच वाटला. “मी तो दुवा कितीतरी वेळा उघडला. आत काही नाही. मग वाटतं, काही नाही असं दाखवायचंच असेल. वहिनी, पूर्वी मी पान वाचायला घेतलं की वाचणारा कुठे अडेल ते मला दिसायचं. आता चोर कुठे लपेल तेवढंच दिसतं. नवीन एक पान लिहायला घेतलंय, पुढेच सरकत नाही.”

किल्ली अशाच संशयी माणसाच्या हातात असावी, हे वहिनी इतके दिवस घसा कोरडा करून सांगत होत्या. आता ती तशाच माणसाच्या हातात होती, आणि तिला तसं त्यांनीच केलं होतं.

“जरा विश्रांती घ्या,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“हो,” मुंगी म्हणाली.

फोन ठेवून वहिनींनी ते पान पुन्हा उघडलं. तो बदल आता तिथे नव्हता. ज्याने सुचवला होता त्यानेच तो मागे घेतला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘मदत होईल असं वाटलं होतं. तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा.’

वहिनी कितीतरी वेळ उत्तर लिहीत राहिल्या आणि खोडत राहिल्या. काहीही लिहिलं तरी, त्याने यावर विश्वास का ठेवावा, ते त्यांना सांगता येत नव्हतं.